नऊ महिने, सतरा फॉर्म : चोपडा तालुक्यातल्या एका मोटार वाइंडिंगवाल्याचं प्रकरण

२० एप्रिल २०२४, शनिवार. मार्चचं ३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी चुकता करायचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. अशा दिवशी कर सल्लागाराच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत एक गृहस्थ कापडी पिशवी छातीशी धरून दाराशी उभे होते. पन्नाशी ओलांडलेली, बोटांच्या पेरांत वार्निशचा न निघणारा तपकिरी रंग. नंबर आला तेव्हा खुर्चीवर न बसताच म्हणाले, "भाऊ, मन्हा नंबर बंद व्हयी गया म्हने."

नंबर म्हणजे जीएसटीचा नंबर. त्यांना इथे आबा म्हणतो. गावातही सगळे तसंच काहीसं म्हणतात. तालुक्यातल्या एका मोठ्या गावात त्यांचं दुकान आहे. पाण्याचे पंप, स्टार्टर, केबल विकायचे आणि जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या. इकडे वाइंडिंग करणं याला मोटार भरणं म्हणतात. तापीकाठच्या केळीपट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत व्होल्टेज पडतं, मोटारी रात्रंदिवस चालतात आणि जळतात. केळीला चार दिवस पाणी चुकलं तर घड काळवंडतो, म्हणून शेतकरी मोटार घेऊन येतो तो संध्याकाळपर्यंत द्याच म्हणून. आबांच्या दुकानाचं वर्ष या दोन महिन्यांवर उभं असतं.

नंबर बंद झाल्याचं त्यांना कळलं ते एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, अकाउंटंटकडून. आबा त्या जिनिंगच्या मोटारींची देखभाल करतात. मार्चअखेरीस हिशेब जुळवताना अकाउंटंटने आबांचा नंबर पोर्टलवर टाकून पाहिला, तर समोर 'रद्द' असं आलं. त्याने आबांचे १,१५,००० रुपये रोखून धरले आणि फोन केला. आठवड्याभराने राजकोटच्या पंपवाल्यानेही माल थांबवला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर आली होती.

पिशवीतून आबांनी बिलबुकं काढली, बँकेचं पासबुक काढलं, आणि एक जाड वही. वहीकडे मी नंतर येतो.

गाडी कुठे घसरली

आबांची नोंदणी २०१७ पासूनची. नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण मालासोबत दुरुस्तीची सेवाही असेल तर ही मर्यादा २० लाखांवर येते. आबांची वर्षाची उलाढाल साधारण ६५ लाख, म्हणजे नोंदणी हवीच होती. २०२३ च्या मार्चपर्यंत त्यांची सगळी रिटर्न वेळेवर गेली होती. मी पोर्टलवर एकेक महिना पाहिला, एकही चुकलेला नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण नोटीस आली की गावात लोक लगेच 'कर बुडवला' म्हणून मोकळे होतात.

घसरण सुरू झाली एप्रिल २०२३ च्या रिटर्नपासून. २०२२ मध्ये कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तो उतरला, पण पुन्हा चढेल या आशेवर खान्देशात कितीतरी शेतकऱ्यांनी कापूस घरातच दाबून ठेवला. खोल्या कापसाने भरलेल्या, हातात पैसा नाही, आणि उन्हाळ्यात मोटार तर जळतेच. आबांनी त्या एप्रिल-मेमध्ये सवयीप्रमाणे उधारीवर पंप दिले. माणसं ओळखीची, पिढ्यांची.

इथे हिशेब नीट पाहायला हवा. समजा एक पंप २४,००० रुपयांचा. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२०, म्हणजे बिल २८,३२० चं. शेतकऱ्याने हातावर ५,००० ठेवले, बाकी 'कापूस विकला की'. तो पंप आबांनी राजकोटहून १८,००० ला आणलेला, त्यावरचे ३,२४० रुपये त्यांनी माल घेतानाच पंपवाल्याला दिलेले. उरले १,०८० रुपये, ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारात भरायचे. शेतकऱ्याकडून पैसे आले की नाही, हे कायदा विचारत नाही. मालाच्या बाबतीत बिल फाडलं की कर लागला. ४,३२० रुपयांचा सगळा कर आबांच्या खिशातून गेला आणि खिशात आले होते ५,०००, तेही पंपवाल्याच्या बाकीत गेले.

याच पंपावर १८ जुलै २०२२ आधी १२ टक्के कर होता, म्हणजे २,८८०. दर वाढला तेव्हा ग्राहकाच्या बिलात १,४४० रुपये वाढले एवढंच दुकानदारांना दिसलं. उधारीवर विकणाऱ्याचे तेवढेच पैसे जास्त अडकायला लागले, हे बहुतेकांच्या ध्यानात आलं नाही. आबांच्याही नाही.

एप्रिल २०२३ चा निव्वळ कर निघाला ३०,००० रुपये. २० मे रोजी खात्यात होते ११,०००. त्यांची रिटर्न तेव्हा जवळच्या शहरातला एक जण भरायचा. आबांनी त्याला विचारलं, अकरा हजार आता भरू का, बाकीचे नंतर? तो म्हणाला, अर्धे भरून ३बी जात नाही. हे खरंच आहे. पोर्टलवर पूर्ण कर फेडल्याशिवाय ३बी दाखल होत नाही. मग आबा म्हणाले, थांबा जरा, कापूस निघू द्या.

सगळं प्रकरण या 'थांबा जरा'मध्ये आहे. त्या दिवशी आबांनी कुणाकडून १९,००० हातउसने घेतले असते, किंवा अगदी दहा दिवस उशिरा भरले असते, तर लेट फी दिवसाला ५० प्रमाणे ५०० रुपये आणि व्याज दीडशेच्या आत. पण मागच्या महिन्याचं ३बी गेलेलं नसेल तर पुढच्या महिन्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, पोर्टल घेत नाही. ही कडी आबांना ठाऊक नव्हती. मे महिन्याचा कर ५२,००० निघाला, बाकी ८२,००० झाली. जूनचे ३५,००० धरून १,१७,०००. महिन्यागणिक अडथळा उंच होत गेला आणि तो ओलांडायची हिंमत कमी होत गेली. मी विचारलं, "आबा, कुणाला सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "पैसाच नई, ते काय भरसू? आनि सांगू कोनले?"

दुसऱ्याच्या मोबाईलवर आलेल्या नोटिसा

पैशाची अडचण नऊ महिने चालली, पण नोंदणी जायला आणखी एक कारण होतं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं.

२०१७ मध्ये नोंदणी करताना, आबांची रिटर्न भरणाऱ्या त्या शहरातल्या माणसाने अर्जावर आबांच्या मोबाईलऐवजी स्वतःचा नंबर टाकला होता. ईमेलही स्वतःचाच. यात त्याचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. दर महिन्याला ओटीपीसाठी दुकानदाराला फोन लावा, तो मोटारीत हात घालून बसलेला, मग परत फोन लावा, हा व्याप वाचावा म्हणून आपल्याकडे अनेक जण असं करतात. पण २०२३ च्या पावसाळ्यात तो नोकरीसाठी पुण्याकडे गेला, तो नंबर बंद पडला, आणि आबांच्या दुकानाच्या नावाने येणारा प्रत्येक सरकारी निरोप कुणी न उघडणाऱ्या पेटीत पडत राहिला.

म्हणून आमचं पहिलं काम ठरलं लॉगिन परत मिळवणं. अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाईल आणि ईमेल दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो. मालकाचा ओळख पुरावा आणि धंद्याच्या जागेचा पुरावा जोडला की अधिकारी नवा ईमेल-मोबाईल चढवतो आणि तात्पुरता पासवर्ड त्या ईमेलवर येतो. सोमवारी २२ तारखेला आबा स्वतः जाऊन अर्ज देऊन आले. बुधवारी लॉगिन उघडलं.

तो क्षण मला अजून आठवतो. आबा माझ्या शेजारी बसलेले, चष्मा कपाळावर. पडद्यावर नोटिसांची यादी उघडली. रिटर्न न भरल्याबद्दलच्या ३ए नोटिसा, एकाखाली एक, प्रत्येकीत पंधरा दिवसांत भरा म्हणून सांगितलेलं. मग ११ जानेवारी २०२४ ची आरईजी-१७, नोंदणी रद्द का करू नये याची कारणे दाखवा नोटीस, उत्तराला कामकाजाचे सात दिवस. मग ६ फेब्रुवारीचा आरईजी-१९, रद्द केल्याचा आदेश. दरमहा रिटर्न भरणाऱ्याने सलग सहा महिने भरलं नाही तर अधिकाऱ्याला तसा अधिकार आहे. आबांचे तर नऊ महिने झाले होते. ते एकेक तारीख माझ्याकडून वाचून घेत होते. शेवटी हळूच म्हणाले, "एवढा सावा त्यास्नी माले आवाज दिधा, आनि माले एकबी ऐकू उना नई."

कायद्याच्या नजरेत मात्र ईमेलवर आणि पोर्टलवर आलेली नोटीस मिळालेलीच धरली जाते.

सोळा दिवस

रद्द झालेली नोंदणी परत मिळवायला आरईजी-२१ हा अर्ज असतो. तो आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत करायचा. ६ फेब्रुवारीपासून ९० दिवस म्हणजे ६ मे. आबा आले तेव्हा हातात सोळा दिवस होते, त्यातले चार लॉगिनमध्ये गेले. ९० दिवसांनंतरही मुदत वाढवून मागता येते, पण ती देणं न देणं वरच्या अधिकाऱ्याच्या हातात. आखाजीच्या तोंडावर तो जुगार खेळायची माझी तयारी नव्हती. शिवाय १३ मेला लोकसभेचं मतदान होतं आणि सरकारी कचेऱ्यांतली माणसं निवडणुकीच्या कामाला जुंपलेली.

अर्जाआधीची अट अशी की रद्द झाल्याच्या तारखेपर्यंत देय असलेली सगळी रिटर्न भरलेली हवीत, कर, व्याज आणि लेट फी यांसह. एप्रिल ते डिसेंबर २०२३ अशी नऊ ३बी. एप्रिलचं जीएसटीआर-१ तेवढं आधी गेलेलं होतं, बाकी आठ राहिलेली. एकूण सतरा फॉर्म, आणि तेही ओळीने. मेचं जीएसटीआर-१, मग मेचं ३बी, मग जूनचं जीएसटीआर-१. मधलं एक सोडून पुढे जाता येत नाही.

आता ती जाड वही. बिलबुकांत काही पानं गहाळ होती, काही ओली होऊन चिकटलेली. मी डोकं धरून बसलो, तेव्हा आबांनी वही पुढे सरकवली. मोटार खोलताना तिची जुनी तार कापून काढतात, पण त्याआधी कारागीर लिहून ठेवतो : किती एचपी, किती स्लॉट, कोणत्या गेजची तार, प्रत्येक खाच्यात किती टर्न, कनेक्शन कसं. एक टर्न चुकला तर भरलेली मोटार आठ दिवसांत पुन्हा जळते. आबांच्या वहीत दर मोटारीची अशी नोंद होती, तारखेसह, शेतकऱ्याच्या नावासह, आणि समासात घेतलेले पैसे. '५ एचपी मोनोब्लॉक, ३६ स्लॉट' आणि खाली बारीक अक्षरात टर्नचे आकडे, एकही खोडलेला नाही. जुन्या वह्याही दुकानाच्या फळीवर वर्षवार लावलेल्या होत्या.

या माणसाला नोंदी ठेवायचा कंटाळा नव्हता. तो उभ्या तालुक्यात क्वचित कुणी ठेवत असेल इतक्या काटेकोर नोंदी ठेवत होता. पण त्या मोटारीच्या होत्या, कराच्या नव्हत्या, आणि या दोन गोष्टी एकाच वहीत मावू शकतात हे त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

वहीवरून गहाळ बिलं जुळवली. खरेदीची बाजू सोपी गेली, कारण विकणाऱ्यांनी भरलेली बिलं आबांच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या खरेदीच्या यादीत, महिनेवार दिसत होती. नऊ महिन्यांची विक्री आली ४९ लाख रुपये. त्यावरचा कर ८,८२,०००. खरेदीवर आधीच दिलेला, म्हणजे वजावट मिळणारा कर ६,६६,०००. प्रत्यक्ष भरायचे २,१६,०००.

हा ६,६६,००० चा आकडा मी आबांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. आर्थिक वर्षातल्या खरेदीची वजावट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येते. २०२३-२४ साठी ती तारीख होती ३० नोव्हेंबर २०२४. हेच प्रकरण आणखी सात-आठ महिने तसंच पडून राहिलं असतं तर ही वजावट गेली असती आणि आबांना सगळे ८,८२,००० रोखीने भरावे लागले असते. लेट फीला लोक घाबरतात. उशिरामुळे खरं बुडतं ते इथे.

व्याज १८ टक्क्यांनी, वजावट जाऊन उरलेल्या रकमेवर : सुमारे २६,०००. लेट फी, उलाढाल दीड कोटीच्या आत असल्याने एका ३बी ला जास्तीत जास्त २,००० : नवांचे १८,०००. एकंदर दोन लाख साठ हजार.

पैसे कसे उभे राहिले ते थोडक्यात सांगतो. बाहेर उधारी होती ३,४०,०००. आबा सहा दिवस मोटरसायकलवर लासूर, अडावद, चहार्डी फिरले. केळीची कटाई चालू होती, ज्यांच्या बागा निघाल्या त्यांनी दिले. १,१२,००० जमले. उरलेल्यासाठी काकूंच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, पाटल्या बँकेत गहाण ठेवल्या. काकूंनी त्या स्वतः काढून दिल्या, हे आबांनी मला दोन-तीनदा सांगितलं.

२७ एप्रिलला रात्री साडेदहाला सतरावा फॉर्म गेला. २९ ला आरईजी-२१ दाखल केला, सोबत कारणांचं साधं पत्र : उधारी अडकली, जुना मोबाईल-ईमेल आपल्या ताब्यात नव्हता, सगळा कर भरला आहे. पत्रात काही लपवलं नाही. अशा पत्रात आजारपणाची खोटी कारणं घालायचा सल्ला काही जण देतात, मी तो कधीच देत नाही. १७ मेला नोंदणी परत मिळाल्याचा आदेश आला.

१० मेची आखाजी मात्र गेली. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, दारात झोके बांधलेले, आणि आबांच्या दुकानात नवे पंप नाहीत. नोंदणी रद्द असताना जीएसटी लावलेलं बिल द्यायचं नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याआधी, ६ फेब्रुवारीनंतर, ठाऊक नसल्याने त्यांनी तशी बिलं दिली होतीच. त्या सगळ्या काळातली प्रत्येक विक्री वहीत नोंदवून ठेवली. नोंदणी परत मिळाल्यावर मधल्या काळातली रिटर्न ३० दिवसांत भरायची असतात. जानेवारी ते एप्रिलची चार रिटर्न २५ मेला भरली, ती विक्री त्यात दाखवली आणि आणखी ६,००० लेट फी गेली. आखाजीला जे ग्राहक दुसऱ्या दुकानात गेले त्यांची मोजदाद माझ्याकडे नाही, आबांकडे आहे.

पुढे काय बदललं

सगळ्यात आधी मी कंपोझिशनचा, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कर योजनेचा, विचार केला. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का, तिमाहीला एक भरणा, वर्षाला एक रिटर्न. आबांचे बहुतेक ग्राहक शेतकरी, त्यांना वजावट नको असते. पण या योजनेत सेवेची मर्यादा आहे : मागच्या वर्षीच्या उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख, यांतलं जे जास्त. ६५ लाखांवर ते साडेसहा लाख होतात आणि आबांचं मोटार भरण्याचं काम नऊ लाखांचं. दार बंद.

मग तिमाही रिटर्नची सोय. पाच कोटींच्या आतल्या उलाढालीला ती घेता येते आणि आबांना ती हवीच होती. मी नको म्हटलं, आणि आमचा यावर थोडा वाद झाला. रिटर्न तिमाही असलं तरी पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचाच असतो, तिसऱ्याचा रिटर्नसोबत. पैसा महिन्यालाच लागतो, विसरायला मात्र तीन महिने मिळतात. ज्याचा महिना एकदा चुकला आहे, त्याने वर्षभर तरी मासिक राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय जिनिंगवाल्यांना त्यांची वजावट दर महिन्याला हवी असते. आबा ऐकले, मनापासून नसेल, पण ऐकले.

खरा बदल वहीत झाला. मोटारीच्या नोंदीशेजारी एक रकाना आखला : बिल नंबर, रक्कम, कर. विक्रीच्या नोंदीही तिथेच. आबा रोज संध्याकाळी टर्न लिहितात त्याच हाताने हेही लिहितात. नवीन काही शिकायचं नव्हतं, म्हणूनच ते टिकलं. त्यांच्या मुलाने संगणकावरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सुचवलं होतं, पुढे-मागे तेही करतील. पण एप्रिलच्या उन्हात तीन मोटारी रांगेत असताना आबा संगणकापुढे बसणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

दुसरं, कराचं वेगळं खातं. नऊ महिन्यांचा आकडा पाहिला तर ४९ लाखांवर २,१६,०००, म्हणजे शंभराला साडेचारच्या थोडं आत. म्हणून नियम केला : हजार रुपयांचं बिल फाडलं की ४५ रुपये दुसऱ्या खात्यात. बिल उधारीचं असो वा रोखीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्यातून पहिले ते पैसे जातात, मग दुकानाचा चहा. मोठा साठा भरला त्या महिन्यात थोडे जास्त जमतात, हंगामात कमी पडतात, वर्षात जुळतं.

तिसरा नियम आबांनी स्वतः काढला आणि मला तो सगळ्यात आवडला : पंप उधार, कर रोख. २४,००० बाकी ठेवा, पण ४,३२० आज द्या, कारण ते माझे नाहीतच. पहिल्या महिन्यात चार-पाच जण तोंड फिरवून गेले, त्यांतले दोघे अजून आलेले नाहीत. बाकीच्यांना ते पटलं. शेतकऱ्याला 'माझं नंतर दे, सरकारचं आता दे' हे समजतं, फक्त दुकानदाराला ते म्हणायचा संकोच असतो.

तारखा कायद्याच्या आहेत ११ आणि २०. आम्ही आमच्या वेगळ्या ठेवल्या. ५ तारखेला वही आणि बिलं माझ्याकडे, ९ ला जीएसटीआर-१, १४ ला २बी आलं की त्याच संध्याकाळी खरेदीशी ताळा, १७ ला पैसे भरून ३बी. शेवटच्या दिवशी पोर्टल रडतं, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे वीजही.

१४ तारखेच्या ताळ्याने पहिल्याच पावसाळ्यात कामगिरी दाखवली. जळगावच्या एका होलसेल व्यापाऱ्याचं ८०,००० च्या केबलचं बिल २बी मध्ये नव्हतं. कर १४,४००. विकणाऱ्याने त्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं नाही तर घेणाऱ्याला वजावट मिळत नाही, बिल हातात असलं आणि पैसे चुकते केलेले असले तरीही. आबांनी १५ ला सकाळी फोन लावला. त्या व्यापाऱ्याच्या कारकुनाकडून बिलावर दुसऱ्याच कुणाचा नंबर पडला होता. पुढच्या महिन्यात दुरुस्त होऊन आलं. मार्चपर्यंत पाहिलंच नसतं तर हे चौदा हजार शोधायला कुणाला सापडले असते?

व्यवसाय कराकडेही पाहिलं. मालकाचे वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनच्या आत, आणि दुकानातल्या दोन पोरांचा पगार दहा हजारांच्या वर असल्याने त्यांच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून भरणं. आबांनी दोन्ही नोंदण्या कधी घेतल्याच नव्हत्या, त्या घेतल्या. आयकराचं विवरणपत्र जुलैअखेर गेलं, आणि त्यात दाखवलेली उलाढाल जीएसटीतल्या उलाढालीशी जुळवून. हे दोन आकडे आता आयकर खात्याला शेजारी-शेजारी दिसतात. फरक असेल तर विचारणा ठरलेली.

जिनिंगने अडवलेले १,१५,००० मेअखेर आले. नोव्हेंबरच्या आधी, धनत्रयोदशीला, काकूंच्या पाटल्या घरी आल्या. ३,४०,००० च्या उधारीतले ६१,००० अजून यायचे आहेत. त्यांतले काही येणार नाहीत हे आबांनाही कळतं, पण वहीतल्या त्या नावांवर ते रेघ मारत नाहीत.

या प्रकरणानंतर मी एक काम माझ्याच ऑफिसात केलं. माझ्या सगळ्या पक्षकारांच्या नोंदणीवरचे मोबाईल नंबर तपासले. चार दुकानांच्या नोंदणीवर माझ्या ऑफिसचा नंबर निघाला. २०१७ च्या घाईत, तेव्हाच्या सोयीसाठी आम्हीच टाकलेला. चौघांना बोलावून घेतलं, त्यांचे स्वतःचे नंबर चढवले. एक किराणावाले नाना होते, सत्तरीचे, साधा फोन वापरणारे. ओटीपी आला तेव्हा त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन सहा आकडे एकेक करून मोठ्याने वाचले. मग विचारलं, "हाई दर महिनाले येई का?"

"हो नाना, दर महिन्याला. आणि तो तुम्हीच वाचायचा."